कंबर धरली की झोपून राहायचं नाही, मग नेमकं करायचं काय?

मोजा घालायला वाकलो आणि कमरेत अशी कळ आली की पुढची दहा मिनिटं मी पलंगाच्या कडेला हात टेकून तसाच अर्धवट वाकलेला, ना खाली बसता येत होतं ना सरळ होता येत होतं. ज्याच्या कमरेत कधी उसण भरलीय त्याला पुढचं सांगायची गरज नाही. मग मी तेच केलं जे बहुतेक लोक करतात, नऊ दिवस आडवा पडून राहिलो, कारण ओळखीतल्या एकाने ठामपणे सांगितलं होतं की हललास तर मणक्यातली गादी अजून सरकेल. दहाव्या दिवशी उठलो तर कंबर जरा बरी होती पण पाय लटपटत होते, एक जिना चढताना धाप लागली, आणि मनात भीती अशी घर करून बसली की पुढचे दोन महिने खाली पडलेली चावीसुद्धा मी दुसऱ्याला उचलायला सांगायचो.

त्या नऊ दिवसांनी माझं भलं कमी आणि नुकसान जास्त केलं हे खूप उशिरा कळलं. त्यानंतर अजून तीनदा कंबर धरली, आणि शेवटच्या वेळी मी चौथ्या दिवशी कामावर होतो. मधल्या काळात फिजिओथेरपिस्टकडून, वाचनातून आणि स्वतः चुका करून जे कळलं ते इथे लिहितोय. मी डॉक्टर नाही, कंबरदुखीचं जुनं गिऱ्हाईक आहे, त्यामुळे पुढचा भाग अजिबात गाळू नका.

हे असेल तर वाचणं थांबवा आणि डॉक्टर गाठा

लघवी तुंबली किंवा नकळत व्हायला लागली, शौचावरचा ताबा गेला, सायकलच्या सीटला जो भाग टेकतो तो बधिर वाटतोय, दोन्ही पायांत कळा किंवा मुंग्या आहेत, पायातली ताकद कमी होत चाललीय, लैंगिक संवेदना अचानक कमी झालीय. यातलं काहीही असलं तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी सरळ इमर्जन्सीत जायचं, उद्या बघू म्हणायचं नाही. पाठीच्या कण्याच्या खालच्या भागात नसांचा जुडगा असतो, तो दाबला गेला की असं होतं, डॉक्टर त्याला कॉडा इक्विना म्हणतात. फार क्वचित होतं, पण उशीर झाला तर नुकसान कायमचं राहू शकतं.

काही गोष्टी तितक्या तातडीच्या नसल्या तरी त्यासाठी एकदोन दिवसांत डॉक्टरांना दाखवायलाच हवं. कंबरदुखीबरोबर ताप किंवा थंडी वाजणं, काही न करता वजन उतरणं, आधी कधी कॅन्सर झालेला असणं, स्टिरॉइड बरेच महिने घेतलेले असणं, प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध चालू असणं, पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं (हाडं ठिसूळ असतील तर साधं घसरून बसणंही यात धरा), आणि कुठल्याही कुशीवर झोपलं तरी न थांबणारं रात्रीचं दुखणं. वय झालेल्या माणसाला अचानक पोटात आणि पाठीत एकदम जोराची कळ येऊन घाम सुटला, चक्कर आली तर ते कंबरेचं नसून पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीचं असू शकतं, तिथे एक मिनिटही घालवू नका.

अजून एक प्रकार आहे जो वर्षानुवर्षं लक्षातच येत नाही. वय पंचेचाळिशीच्या आत, दुखणं हळूहळू सुरू झालेलं आणि तीन महिन्यांच्या वर टिकलेलं, पहाटे दुखण्याने जाग येते, सकाळी उठल्यावर अर्धा तास किंवा जास्त कंबर आखडलेली, आणि गंमत म्हणजे बसून राहिलं की वाढतं, हिंडलं की बरं वाटतं. हा मणक्याच्या सांध्यांच्या सुजेचा आजार असू शकतो, अँकिलॉझिंग स्पॉन्डिलायटिस वगैरे, त्याला औषधं वेगळी असतात आणि त्यासाठी संधिवाताचे डॉक्टर लागतात.

यातलं काहीच नसेल तर पुढे वाचा.

दुखतंय म्हणजे तुटलंय असं नसतं

कंबरदुखीच्या दर दहापैकी साधारण नऊ लोकांत मणक्यात बोट ठेवून दाखवता येईल असं एक कारण सापडत नाही. स्नायू, लिगामेंट, सांधे, गादी, झोप, ताण सगळं मिळून कंबर चिडते आणि तिथले स्नायू कवच केल्यासारखे घट्ट होतात. दुखणं खरं असतं, भयंकर असतं, पण दुखण्याचा जोर आणि आतली इजा यांचं प्रमाण सारखं नसतं. उसण भरल्यावर डोळ्यात पाणी येतं आणि तरी दोनतीन आठवड्यांत माणूस बरा होतो, यावरूनच बघा.

मग रिपोर्टमध्ये "गादी सरकली", "मणक्यात गॅप आला", "झीज झाली" असं येतं त्याचं काय? २०१५ साली एक मोठा आढावा छापून आला होता, ज्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांचे स्कॅन बघितले होते. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गादीत झीज होती, ऐंशीच्या घरात ९६ टक्के. गादी फुगलेली म्हणजे बल्ज विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के. आणि परत सांगतो, यातल्या कोणालाही दुखत नव्हतं. केस पांढरे होतात तसं आतमध्येही वय दिसतं. म्हणूनच वरची धोक्याची लक्षणं नसतील तर पहिल्या काही आठवड्यांत एमआरआय काढायची घाई करू नका असं जवळपास सगळ्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलेलं असतं, कारण काहीतरी सापडतंच आणि मग माणूस त्या कागदाला घाबरून हालणं बंद करतो. माझ्या रिपोर्टवरची तीन वाक्यं मला दोन वर्षं पाठ होती.

झोपून राहण्याबद्दल तर बराच अभ्यास झालाय. १९८६ मध्ये अमेरिकेत २०३ रुग्णांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपून राहायला सांगितलं होतं, दोन दिवसवाल्यांच्या कामाच्या सुट्ट्या ४५ टक्क्यांनी कमी झाल्या आणि बाकी बरं होण्यात काही फरक नाही. मग १९९५ मध्ये हेलसिंकीत १८६ कर्मचाऱ्यांवर अजून सरळ प्रयोग झाला, एका गटाला दोन दिवस बेडरेस्ट, दुसऱ्याला कंबरेचे व्यायाम, तिसऱ्याला सांगितलं की जमेल तेवढं नेहमीचं आयुष्य चालू ठेवा. तिसरा गट सगळ्यात लवकर सावरला, बेडरेस्टवाले सगळ्यात मागे. लक्षात घ्या, पहिल्या एकदोन दिवसांत खास व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही साधं उठबस करत राहणारे पुढे होते. म्हणून खाली पहिल्या दिवशी मी व्यायाम सांगणार नाहीये.

असं का होतं तर मोठेपणी मणक्यांमधल्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, स्पंज दाबून सोडल्यासारखी दाब आणि सैल याच्या येजा करण्यावर तिचं बरंचसं पोषण चालतं, आणि हालचाल बंद झाली की तेही मंदावतं. शिवाय झोपून स्नायू झपाट्याने कमजोर होतात, सांधे आखडतात, आणि डोकं दिवसभर कंबरेतच अडकून राहतं. शेवटचं सगळ्यात वाईट असं माझं मत.

पहिले दोनतीन दिवस

या दिवसांचं ध्येय एवढंच, एका जागी गोठायचं नाही. खूपच दुखत असेल तर आडवं व्हा की, कोणी नको म्हणत नाही, पण वीसतीस मिनिटं, औषधाच्या डोससारखं, आणि मग उठायचं. पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीच्या सीटवर किंवा उशांच्या ढिगावर ठेवल्या की बहुतेकांना बरं वाटतं, कुशीवर असाल तर दोन गुडघ्यांमध्ये उशी. काहींना पालथं झोपून बरं वाटतं, तुम्हाला जे मानवेल ते.

पलंगावरून उठणं हे खरं युद्ध असतं त्यामुळे ते नीट सांगतो. पाठीवरून सरळ उठून बसायला जाऊ नका. दोन्ही गुडघे वाकवा, खांदे आणि कंबर एकाच वेळी, ओंडका वळवल्यासारखं, कुशीवर वळा. मग पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडत सोडत त्याच वेळी वरच्या हाताच्या तळव्याने आणि खालच्या कोपराने गादीला रेटा देऊन वर या. श्वास रोखू नका, उठताना तोंडाने हळूहळू सोडा, श्वास रोखला की स्नायू अजून घट्ट होतात आणि कळ जास्त येते. बसल्यावर लगेच उभे राहू नका, पाचसहा श्वास घ्या, ढुंगण कडेला आणा, पाय थोडे मागे घ्या, छाती पुढे झुकवा आणि मांड्यांवर हात टेकून उठा. झोपताना हेच उलट्या क्रमाने.

उठलात की घरातल्या घरात चाला. तीन मिनिटं, पाच मिनिटं, कमी वाटतं पण जागेपणी दर अर्ध्यापाऊण तासाने हे केलं तर दिवसाचे वीस वेळा होतात. चालताना एका बाजूला वाकलेले असाल तर घाबरू नका, स्नायू आखडल्याने तसं होतं आणि सुटलं की सरळ होता. हात मोकळे हलू द्या, छोटी पावलं टाका, आणि शक्य असेल तर स्वतःचं स्वतः करा, म्हणजे दात घासणं, कपडे बदलणं, बसून जेवणं, पाणी आणायला स्वतः उठणं. प्रेमापोटी सगळं हातात आणून देणाऱ्या घरच्यांना प्रेमानेच थांबवा.

शेक द्यायचा असेल तर गरम, पंधरावीस मिनिटं, कापडात गुंडाळून. बर्फाने ज्याला बरं वाटतं त्याने बर्फ लावावा, पण कंबरेसाठी गरमच्या बाजूने पुरावा जरा बरा आहे. शेक घेऊन पडून राहू नका, शेक ही खिडकी आहे, त्यानंतरच्या अर्ध्या तासात सैल वाटतं तेव्हा चालून घ्या.

पेनकिलरचंही तसंच, गोळी हालचाल करता यावी म्हणून घ्यायची. आपण सगळे आधी पॅरासिटामॉलकडे जातो पण २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात सुमारे १,६५० रुग्णांचा अभ्यास आला, गोळीवाले सरासरी १७ दिवसांत बरे झाले आणि खोटी, म्हणजे औषध नसलेली, गोळी घेणारे १६ दिवसांत. आयबुप्रोफेनसारख्या सूज कमी करणाऱ्या गोळ्यांनी काहींना थोडाफार फरक पडतो, पण अल्सर, किडनी, बीपी, हृदयाचा त्रास, रक्त पातळ करणारं औषध, गरोदरपण यातलं काही असेल तर डॉक्टरांना न विचारता हातही लावू नका, आणि कोणी असलं तरी कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस. अफूजन्य तगड्या गोळ्यांचा नव्या कंबरदुखीत खोट्या गोळीपेक्षा जास्त उपयोग दिसला नाही, २०२३ चा अभ्यास आहे, आणि सवय लागायचा धोका वेगळाच.

घड्याळ लावून चाला, दुखण्यावर नाही

हा भाग मला कोणीतरी पहिल्याच वेळी सांगायला हवा होता.

आपण काय करतो? बरं वाटलं त्या दिवशी राहिलेली सगळी कामं उरकतो, कपाट आवरतो, दोन तास उभे राहतो, आणि दुसऱ्या दिवशी कंबर पुन्हा धरते, मग दोन दिवस आडवे. परत बरं वाटलं की परत तेच. महिनाभर असं झालं की माणूस म्हणतो की हालचाल केली की त्रास होतो, आणि दर वेळी थोडं थोडं कमी करत जातो. खरं तर हालचाल वाईट नव्हती, एकदम जास्त होती.

याला उपाय म्हणजे किती करायचं हे आदल्या दिवशीच ठरवायचं. तीन दिवस बघा की दुखणं फारसं न वाढता तुम्ही सलग किती मिनिटं चालू शकता. समजा दहा, बारा आणि आठ मिनिटं आली. सरासरी दहा, त्यातून थोडं कमी करून आठ मिनिटांवर सुरुवात करा. आता हा आठचा आकडा म्हणजे कोटा. दिवसातून दोनतीनदा आठ मिनिटं. छान वाटतंय म्हणून वीस नाही चालायचं, आणि जरा दुखतंय म्हणून शून्यही करायचं नाही. दोनतीन दिवसांनी एक किंवा दोन मिनिटं वाढवा. चिडचिड होते इतकं हळू वाटतं, मला तर म्हाताऱ्यासारखं वाटायचं, पण हिशोब करा, दर तीन दिवसांनी दोन मिनिटं म्हटलं तरी पाच आठवड्यांत तुम्ही सलग अर्ध्या तासावर पोचता.

किती दुखलं तर चालेल? माझा नियम असा की शून्य ते दहाच्या मापात करताना चारपर्यंत दुखणं चालतं, आणि चोवीस तासांच्या आत ते पुन्हा आधीच्या पातळीवर यायला हवं. आलं तर कोटा बरोबर. दुसऱ्या दिवशी सकाळीही वाढलेलंच असेल तर काही मोडलेलं नाही, फक्त डोस जास्त झाला, वीसतीस टक्के कमी करून चालू ठेवा. आणि दुखणं पायात खाली खाली सरकायला लागलं तर मात्र ती हालचाल थांबवून बदलायची, त्याबद्दल पुढे येतोच.

वही ठेवा किंवा फोनमध्ये लिहा, तारीख आणि मिनिटं, बस. दुखणं किती हे रोज लिहू नका, ते लिहायला लागलं की माणूस दिवसभर कंबर तपासत बसतो. काय जमलं तेवढंच लिहा.

व्यायाम: चौथ्यापाचव्या दिवसापासून, सौम्य ते जड

कुठला व्यायाम सगळ्यात चांगला यावर फिजिओ लोकांतसुद्धा वाद चालतात. पिलाटेस, योग, ताकदीचे व्यायाम, पोहणं, साधं चालणं, यातलं एक बाकीच्यांपेक्षा फार पुढे आहे असं म्हणता येत नाही, जो तुम्ही सहा महिन्यांनीही करत असाल तो चांगला. मी मला जे लागू पडलं त्या क्रमाने सांगतो.

सुरुवात सैल करणाऱ्या तीन गोष्टींनी. पाठीवर झोपून गुडघे वाकवा आणि दोन्ही गुडघे एकत्र डावीकडे उजवीकडे सोडा, गाडीच्या वायपरसारखं, जेवढं सहज जातं तेवढंच, दहा वेळा. मग त्याच स्थितीत कंबरेखालची पोकळी जमिनीला दाबायची आणि सोडायची, दहा वेळा. मग हातगुडघ्यांवर येऊन पाठ मांजरासारखी वर गोल करायची आणि मग खाली सोडायची, दहा वेळा. सगळं मिळून पाच मिनिटं लागतात. फक्त सकाळी उठल्या उठल्या खूप खोल वाकणं टाळा, रात्रभर मणक्यांमधल्या गाद्यांनी पाणी शोषून घेतलेलं असतं, त्या फुगलेल्या असतात आणि कंबर ताठ वाटते, अर्धाएक तास हिंडून झाल्यावर करा.

साधारण आठवड्याने, सैल वाटायला लागलं की ताकदीचे तीन घ्या. पहिला ब्रिज: पाठीवर, गुडघे वाकलेले, टाचा दाबून ढुंगण वर उचला, पाच सेकंद धरा, खाली, आठ वेळा. हा मांडीच्या मागे आणि ढुंगणात जाणवायला हवा, कंबरेतच जाणवत असेल तर कमी उंच उचला. दुसरा म्हणजे हातगुडघ्यांवर राहून उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे लांब करायचा, पाठीवर पाण्याचा ग्लास ठेवलाय असं समजा, तो सांडता कामा नये, पाच ते दहा सेकंद, मग बाजू बदला, प्रत्येकी सहा. पाय फार वर नेला की कंबर खचते, पाठीच्या रेषेत पुरे. तिसरा खुर्चीवरून हात न टेकता उठणं आणि हळूच बसणं, दहा वेळा, हा दिसायला बावळट व्यायाम आहे पण रोजच्या आयुष्यात सगळ्यात जास्त कामाला येतो. आठवड्यातून तीन दिवस एवढं पुरे, सोपं झालं की एक फेरी वाढवा, मग हातात थोडं वजन घ्या.

वजन हा शब्द ऐकून दचकू नका. जेवढी कंबर ताकदवान तेवढं रोजचं काम तिच्या क्षमतेच्या मानाने हलकं.

वाकायची भीती

दुखणं गेलं तरी ही राहते, आणि माझ्या मते जुन्या कंबरदुखीत अर्धा त्रास हिचाच असतो. पाठ कायम सरळ, काठी गिळल्यासारखी ठेवून वावरणारे लोक बघा, वाकायचंच नाही असं ठरवल्यामुळे त्यांचे स्नायू दिवसभर आवळलेले असतात आणि तेच दुखत राहतात. कंबर वाकण्यासाठीच बनलीय. तिला परत सवय लावावी लागते, पायरीपायरीने.

खुर्चीवर बसून हात मांड्यांवरून घसरवत गुडघ्यांपर्यंत, तीनचार दिवस. मग नडगीपर्यंत. मग घोट्यापर्यंत आणि तिथे दोन श्वास थांबायचं. मग उभं राहून तेच, गुडघे जरा सैल ठेवून. मग स्टुलावर ठेवलेली हलकी वस्तू उचलायची, मग जमिनीवरची, मग तीच जरा जड. प्रत्येक पायरीवर दहाएक वेळा, आणि पायरी कंटाळवाणी वाटायला लागली की पुढची घ्यायची, हीच खूण. मला जमिनीवरून चावी उचलायला अडीच आठवडे लागले आणि त्या दिवशी मी तीच चावी मुद्दाम पाच वेळा टाकली.

जड उचलताना मात्र वस्तू अंगाजवळ घ्या, पाय पसरून उभे रहा, कंबरेतून नाही तर खुब्यातून वाका, आणि वळायचं असेल तर पाय वळवा. पाठ एकदम सरळ हवी, थोडी गोल झाली की गेलात, असं काही नाही. दमलेलं अंग, घाई आणि सवय नसलेलं वजन, हे तीन एकत्र आले की कंबर धरते.

काम, बसणं, झोप

पूर्ण बरं वाटेपर्यंत कामाला जायचं नाही हा विचार सोडा, कारण कामावर गेल्यानेच बरं होण्याचा वेग वाढतो, फक्त पहिले काही दिवस कामात बदल मागून घ्या, वजन कमी, मध्ये थांबे, जमलं तर अर्धा दिवस. बसून काम असेल तर महागड्या खुर्चीच्या मागे लागण्याआधी फोनवर तीस मिनिटांचा टायमर लावा आणि वाजला की उठा, दोन मिनिटं पुरे. योग्य बसण्याची एकच पद्धत अशी काही नसते, मी रेलून बसतो, पुढे झुकून बसतो, कधी उभ्याने काम करतो, कुठल्याच स्थितीत तासभर नाही एवढंच बघतो. फोनवर बोलताना चाला. लांबच्या ड्रायव्हिंगला दर तासाभराने थांबून गाडीभोवती चारपाच चकरा.

कंबरेचा पट्टा: जुन्या दुखण्यात वापरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या सूचनांत पट्टे, ट्रॅक्शन (कंबर ताणून धरणं), अल्ट्रासाउंड शेक आणि टेन्स मशीन (त्वचेवरून विजेचे हलके झटके देणारं) यांचा नियमित वापर नको असंच म्हटलंय. झोपायची गादी दगडासारखी कडक असावी हाही जुना समज, २००३ मध्ये स्पेनमध्ये ३१३ लोकांवर करून बघितलं तेव्हा मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडला. झोप अपुरी असेल तर तेच दुखणं दुप्पट वाटतं, आणि डोक्याला ताण असेल तरीही. हे "मनाचे खेळ" म्हणून झटकू नका, मेंदूच दुखण्याचा आवाज कमीजास्त करतो.

पायात कळ जात असेल तर

ढुंगणातून मांडीमागून पोटरीपर्यंत किंवा पावलापर्यंत करंट गेल्यासारखं होतं, खोकला शिंक आली की वाढतं, मुंग्या येतात, ती सायटिका. यात कंबरेपेक्षा पाय जास्त दुखतो आणि वेळही जास्त लागतो, आठवड्यांच्या हिशोबात. तरी झोपून राहून काही मिळत नाही, १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये १८३ सायटिकावाल्यांपैकी अर्ध्यांना दोन आठवडे बेडरेस्ट दिली, १२ आठवड्यांनी दोन्ही गटांत ८७ टक्के लोकांना बरं वाटत होतं. बाहेर आलेली गादीसुद्धा बऱ्याच लोकांत शरीर आपोआप शोषून घेतं.

इथे एक गोष्ट उपयोगी पडते. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांच्याकडे १९५६ मध्ये एक पायदुखीवाला रुग्ण चुकून डोक्याकडचा भाग वर उचललेल्या टेबलावर पालथा झोपला, पाठ मागे वाकलेल्या अवस्थेत दहाएक मिनिटं, आणि उठला तर पायातली कळ गेलेली. त्यातून मॅकेंझींनी पुढे पूर्ण पद्धत बसवली. आपल्यापुरतं त्यातलं घ्यायचं ते असं: कुठल्या हालचालीने कळ पायातून वर वर सरकत कंबरेत येते ते शोधा, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी ती हालचाल तुमची. खाली सरकवणारी हालचाल सध्या बंद. पालथं झोपून कोपरांवर टेकून दोन मिनिटं करून बघा, बऱ्याच जणांना सूट होतं, सगळ्यांना नाही, वयस्कर लोकांत नसांची जागा अरुंद झालेली असेल तर उलट पुढे वाकून बरं वाटतं आणि त्यांना चालण्याऐवजी सायकल सोपी जाते. पाऊल वर उचलता येत नसेल, चालताना चप्पल घासत असेल, तर मात्र स्वतः प्रयोग करू नका, लगेच दाखवा.

सहा आठवडे झाले तरी तसंच असेल तर

बहुतेकांना सहा आठवड्यांत बराच फरक पडतो. नाही पडला तर फिजिओकडे जा, आणि जाण्याआधी विचारा की ते व्यायाम शिकवून वाढवत नेतात की फक्त मशीन लावून पडायला सांगतात. मी एका ठिकाणी पंधरा दिवस नुसती मशीन लावून घेतली, बरं वाटायचं, घरी येईपर्यंत. मसाज, मॅन्युअल थेरपी थोड्या वेळासाठी चालेल, हालचालीबरोबर, हालचालीऐवजी नाही. तीन महिन्यांच्या वर गेलेल्या दुखण्यात भीती, झोप, उदासपणा यावर बोलणारा मानसोपचारतज्ज्ञ सुद्धा टीममध्ये असला तर फायदा होतो, त्यात लाज वाटायचं कारण नाही.

परत धरली तर

धरेल बहुतेक. बरे झालेल्यांपैकी साधारण दर दहातल्या सात जणांना वर्षभरात पुन्हा झटका येतो. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर एक साधा प्रयोग झाला, नुकतेच कंबरदुखीतून सावरलेल्या अर्ध्या लोकांना फिजिओच्या सहा भेटींमधून हळूहळू वाढणारा चालण्याचा कार्यक्रम आखून दिला, सहा महिन्यांत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत. न चालणाऱ्यांच्या गटात निम्म्यांना ११२ दिवसांत पुन्हा त्रास झाला होता, चालणाऱ्यांत तोच टप्पा यायला २०८ दिवस लागले. चालून कंबर कायमची सुटते असं नाही, मधलं अंतर जवळपास दुप्पट होतं.

माझ्या फोनमध्ये एक नोट आहे, बरा असताना लिहून ठेवलेली, कारण कळ येते तेव्हा डोकं चालत नाही. त्यात लिहिलंय: आधी लघवी, बधिरपणा, पायातली ताकद तपास. काही नसेल तर दहा मिनिटं पोटऱ्या खुर्चीवर. ओंडक्यासारखं वळून उठ. पाच मिनिटं चाल, पाऊण तासाने परत. उद्या कोटा अर्धा, परवा तेवढाच, मग वाढव. रिपोर्ट काढून वाचत बसू नको. मोजे बसून घाल, आठवडाभरच.